गाडीचा रंग आणि आतला गंज

“अहो, या डब्याला रंग कसला देता? भंगारवाला अठरा हजार देतोय, ते घ्या आणि मोकळे व्हा!” २०२२ सालचा पावसाळा संपला आणि हा सल्ला आम्हाला कचेरीत, वस्तीत, विहाराच्या आवारात, जिथे जाऊ तिथे मिळू लागला. सल्ला देणाऱ्यांचेही काही चुकत नव्हते. आमच्या मारुती ८०० गाडीच्या दारांना पोपडे धरले होते, बॉनेटवरून हात फिरवला तर हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागे, आणि पायाखालची चटई उचलली की एका ठिकाणी चक्क रस्ता दिसे! तरीही आम्ही गाडी भंगारात घातली नाही. बावीस हजार रुपयांत तिचे काम करून घेतले आणि ती आजही चालते आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी अशा जुन्या गाड्या घेतल्या आहेत. कुणी रोजगारासाठी, कुणी घरातल्या आजारी माणसासाठी. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमचा हा अनुभव, आमच्या चुकांसकट, येथे मांडीत आहोत.

गाडी कशासाठी?

आमची गाडी २००८ सालची. कचेरीतील एक सहकारी निवृत्त झाले, त्यांच्याकडून २०१७ साली आम्ही ती घेतली. मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. तीस वर्षे एकच गाडी बनत राहिल्यामुळे तिचे जुने सुटे भाग पुष्कळ मिळतात आणि तिचे काम न येणारा मिस्त्री विरळाच. गरिबाने जुनी गाडी घेताना हा विचार आधी करावा.

आमच्या मातोश्रींचे डायलिसिस २०२१ पासून सुरू आहे. अंबरनाथहून कल्याणला आठवड्यातून दोन खेपा. रिक्षाने जाऊन-येऊन पाचशे रुपये धरले तरी महिन्याला चार हजार झाले. गाडीने पेट्रोल दीड हजारांच्या आत बसते. शिवाय वस्तीतली एखादी लेक रात्री अडली, कुणा म्हाताऱ्याला दम लागला, की दारावर थाप पडते ती आमच्याच. तेव्हा हा शौकाचा प्रश्न नव्हता. २०२३ साली गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होणार होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती वाचवायची तर परिवहन कार्यालयात गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. तळाला भोक पडलेली गाडी त्या तपासणीत टिकली नसती आणि टिकली असती तरी तिच्यात आईला बसवण्याची आमची हिंमत नव्हती.

आमची पहिली चूक

गाडीची ही अवस्था का झाली? जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला मोठा पूर आला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तोच हा पूर. आमची गाडी त्या दिवशी बदलापूरला धाकट्या भावाकडे होती. सीटपर्यंत पाणी चढले. गाडी सुकवली, इंजिन सुरू झाले, आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. रंग मात्र खराब झाला होता. त्या दिवाळीत एका गॅरेजमध्ये ‘अकरा हजारांत संपूर्ण गाडी’ असा भाव मिळाला आणि आम्ही गाडी टाकून आलो. पाचव्या दिवशी परत मिळाली ती आरशासारखी! आम्ही पेढे वाटले.

पुढचाच पावसाळा टाळेबंदीतला. गाडी जागेवर उभी. दारांच्या खालच्या कडेला मुगाएवढे फुगवटे दिसू लागले. वर्षभरात त्यांचे पोपडे झाले. एक पोपडा नखाने काढला तर खाली पुट्टीची जाड थापी आणि तिच्याखाली तांबडा भुगा. म्हणजे त्या कारागिराने गंज काढलाच नव्हता. त्याच्यावर पुट्टी थापून रंग मारला होता. पण दोष त्याच्या एकट्याचा नाही. अकरा हजारांत पाच दिवसांत दुसरे काय होणार होते? आम्ही चकाकी मागितली, त्याने चकाकी दिली.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच तो आतून रंगाला वर उचलतो. रंगाला चीर पडली की तेथून पाणी शिरते आणि काम दुप्पट वेगाने होते. रंगाखाली राहिलेला गंज थांबत नाही. तो फक्त आपल्याला दिसेनासा होतो. अकरा हजार घालवून आम्ही एवढे शिकलो.

हप्ता की बचत?

या वेळी आधी चौकशी केली. मोठ्या वर्कशॉपने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही चहासुद्धा न पिता परतलो. जवळच्या गॅरेजने संपूर्ण गाडीचे पंचेचाळीस हजार सांगितले. भाऊ म्हणाला, “दादा, कर्ज काढ. हप्ता काय, कळतही नाही.”

हप्ता कळत नाही असे ज्याला वाटते त्याने घरातल्या बाईला विचारावे! तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यातले एक म्हणजे अनणसुख, कुणाचे थोडेसुद्धा देणे नसण्याचे सुख. घर, शिक्षण, धंदा यांसाठी कर्ज घ्यावे लागते ते निराळे. पण पंधरा वर्षांच्या गाडीच्या रंगासाठी तीन वर्षे व्याज भरणे हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. भिशीचे पंधरा हजार होते, मुलांच्या आईने बाजूला ठेवलेले सात हजार होते. मर्यादा ठरली, बावीस हजार. त्यात जेवढे होईल तेवढे, पण जे होईल ते पक्के.

आधी पाहणी, मग भाव

एका रविवारी गाडी स्वच्छ धुऊन उन्हात उभी केली आणि वही-पेन्सिल घेऊन बसलो. एक साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले. जिथे ते चिकटत नाही किंवा सैल पडते, तिथे खाली जाड पुट्टी आहे असे समजावे. (प्लास्टिकच्या बंपरला ते चिकटणारच नाही, हे लक्षात ठेवावे.) दारांच्या खालच्या कडा, चाकावरची कमान, दाराखालची पट्टी म्हणजे गॅरेजवाले जिला रनिंग बोर्ड म्हणतात ती, डिकीचा तळ आणि चटईखालचा पत्रा ही सहा-सात ठिकाणे पेचकसाने ठोकून पाहिली. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा टोक आत रुतले तर पत्रा गेला. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आमच्या चारही दारांची भोके चिखलाने बुजली होती. पाणी आतच साचत होते आणि दार आतून कुजत होते. तारेने ती मोकळी करायला एक पैसा लागत नाही. हे वाचून झाले की कृपया आपल्या गाडीची पाहून घ्यावीत.

वहीत तीन याद्या झाल्या. पहिली, कुजलेले : दोन्ही रनिंग बोर्ड, चालकाच्या पायाखालचा पत्रा आणि डावीकडचे पुढचे दार. दुसरी, गंज लागलेले पण वाचणारे : बाकीच्या तीन दारांचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी. तिसरी, नुसते फिकटलेले : बॉनेट, टप, डिकी. या तिसऱ्या यादीनेच आमचे पैसे वाचवले. साध्या पांढऱ्या रंगावर रबिंग कंपाऊंड घासले की वरचा मेलेला थर निघतो आणि खालचा रंग उजळतो. बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागा घासून पाहिली, चमक आली. म्हणजे जवळजवळ निम्म्या गाडीला रंगाची गरजच नव्हती! मात्र चमकदार कणांच्या, मेटॅलिक रंगाच्या गाडीला वर पारदर्शक थर असतो. तो थर सोलला गेला असेल तर घासून काही होत नाही. तिथे खर्च वाढतो.

रंगाचा वाद

आमच्या चिरंजीवांचा हट्ट होता, “पप्पा, रंगवायचीच आहे तर निळी करा ना! आपला रंग!” भावना आम्हालाही होतीच. पण गाडीचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकात नोंद लागते. शिवाय रंग बदलला की दारांच्या चौकटी, बॉनेटखालचा भाग, डिकीचा आतला भाग सगळे रंगवावे लागते. मजुरी कुठल्या कुठे जाते. त्याच रंगात तुकड्या-तुकड्यांनी काम करता येते. फक्त रंगाची हद्द दाराच्या किंवा मडगार्डच्या सांध्यावर थांबवायची, मध्येच नाही.

आई बाजेवरून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे बाळा, छप्पन साली नागपूरला मी आठ वर्षांची होते. माझ्या आईनं लुगडं पांढरं नेसलं होतं, बापाचा सदरा पांढरा, सगळं मैदान पांढरंशुभ्र. पांढरा काय आपला रंग नाही?” चिरंजीव गप्प बसले. रंग पांढराच ठरला.

मग आईने दुसरी गोष्ट काढली. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या बरोबरच्या मुलांना जातीमुळे कुणी बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, तोही अशा अटीवर की पोरांनी स्वत: गाडी हाकावी आणि तो बाजूने चालेल. बाबासाहेबांनी हे स्वत:च लिहून ठेवले आहे. “आपल्या दारात आपली गाडी आहे,” आई म्हणाली, “चमको न चमको, चालती ठेव.” भंगारवाल्याला आम्ही त्याच संध्याकाळी नकार कळवला.

काम कसे केले?

मिस्त्री आमच्याच वस्तीतला, वीस वर्षे हेच काम करणारा. कल्याण-बदलापूर रस्त्यावर त्याचे छोटे पत्र्याचे गॅरेज आहे. तो म्हणाला, “भाऊ, रंग मारायला मला एक दिवस लागतो. त्याच्या आधी दहा दिवस लागतात. तुम्ही त्या दहा दिवसांचे पैसे देणार की एका दिवसाचे?” आम्ही म्हटले, “दहा दिवसांचे देऊ, आणि घासायला घरची माणसेही देऊ.” सौदा तिथेच ठरला. वेल्डिंग, पुट्टी आणि स्प्रे त्याचे. खोलणे, खरवडणे, घासणे, झाकणे आमचे. चार रविवार आम्ही, भाऊ आणि दोन्ही मुले तोंडाला मास्क लावून घासत होतो.

डावे दार दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पांढऱ्याच रंगाचे, न गंजलेले दार दोन हजार दोनशेला मिळाले. लोकलच्या लगेजच्या डब्यातून आम्ही ते अंबरनाथला आणले. लोक हसत होते, आम्हीही हसलो.

कामाचा क्रम असा ठेवला. कुजलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्ड केला. गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशने आणि ऐंशी नंबरच्या पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासल्या. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर गंज मारणारे रसायन लावून, पुसून, पूर्ण सुकवले. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी प्रायमर लावायचा. नाहीतर दमट हवेत सकाळपर्यंत पुन्हा तांबूस झाक येते. पुट्टी फक्त पोचे भरण्यापुरती आणि पातळ. जाड पुट्टी पुढे तडकते. हार्डनर मिसळायचा तो अगदी थोडा. ‘लवकर सुकेल’ म्हणून जास्त घातला तर पुढे रंगावर डाग उमटतात. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची, पाणी लावून नाही. त्यावर पुन्हा प्रायमर, मग चारशे आणि शेवटी आठशे नंबरचा पेपर. हे सगळे आम्ही डिसेंबर-जानेवारीत केले. पावसाळ्यात रंगाचे काम काढू नये. हवेतला ओलावा रंगात अडकून पांढुरकी झाक येते.

रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीजवळ कंपनीच्या पट्टीवर असतो. तो दाखवला की रंगाचे दुकानदार तसा रंग बनवून देतात. तरी गाडी जुनी झाल्यावर रंग थोडा बदलतोच, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर मारून, सुकवून, गाडीला लावून पाहावा.

काचा आणि चाके झाकायला रद्दी लागली. मुलांच्या आईने आमच्या साप्ताहिकाचे अंक आधीच वेगळे काढले. ज्या पानांवर भगवान बुद्धांचे, बाबासाहेबांचे फोटो आहेत ती पाने रंगाच्या फवाऱ्याखाली जायची नाहीत, असा तिचा हुकूम होता. उरलेले पेपर दुहेरी घडी करून लावले. फवारणीच्या दिवशी सकाळी जमिनीवर पाणी शिंपडले, म्हणजे धूळ उडत नाही. कंप्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी मिस्त्रीने आधी सोडून दिले, नाहीतर ते रंगाबरोबर थेंब-थेंब बाहेर येते.

मिस्त्रीचा खोकला

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून फवारणी करी. “रात्री खोकला येतो, पण सवय आहे,” म्हणाला. ही सवय नव्हे, ही दुखण्याची सुरुवात आहे. हार्डनर मिसळून मारायच्या टिकाऊ रंगात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे दमा जडतो. एकदा तो जडला की पुढे थोड्याशा वासानेही उचल खातो आणि कारागिराला धंदाच सोडावा लागतो. रुमालाने हे अडत नाही, साध्या कापडी मास्कनेही नाही. खरे तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा. तेवढी आमची ऐपत नव्हती. रंगाची वाफ आणि कण अडवणाऱ्या डब्या लावलेला रबरी मुखवटा, हातमोजे व चष्मा मिळून सतराशे रुपयांत आला. फवारणी उघड्या हवेशीर जागी केली आणि पोराबाळांना दूर ठेवले. तो मुखवटा आम्ही मिस्त्रीलाच दिला आणि त्याच्या डब्या वेळोवेळी बदलाव्या लागतात हेही सांगितले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे काम पाहत होते. कामगाराचे तास, कामगाराचे आरोग्य यांसाठी ते झटले. त्यांचे नाव घेणाऱ्याने स्वत:चे काम स्वस्तात करून घेताना दुसऱ्याच्या फुप्फुसातून बचत करू नये. घासाघीस करायची तर चकाकीत करावी, मजुरीत आणि मुखवट्यात नाही.

जमाखर्च

आमच्या वहीतला २०२२-२३ सालचा हिशेब जसाच्या तसा देतो. भाव आता बदलले असतील, प्रमाण मात्र पाहावे.

जुने दार : २,२०० रुपये
पत्रा व वेल्डिंग : ४,००० रुपये
पुट्टी, प्रायमर, रंग, हार्डनर, थिनर, पेपर, टेप, गंजरोधक : ६,३०० रुपये
मिस्त्री व त्याच्या मदतनिसाची मजुरी : ७,५०० रुपये
रबिंग व पॉलिशचे सामान : ४५० रुपये
मुखवटा, हातमोजे, चष्मा : १,७०० रुपये
एकूण : २२,१५० रुपये

मर्यादेपेक्षा दीडशे रुपये जास्त गेले. ते आमच्या पानतंबाखूच्या खात्यातून वळते करण्यात आले, असा घरात ठराव झाला!

नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च यात धरलेला नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीचे हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. त्याशिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर असतो, विमा आणि पी.यू.सी.ही चालू लागते. म्हणून रंगाला हात घालण्याआधी परिवहन कार्यालयात स्वत: जाऊन सगळा आकडा विचारून घ्यावा, दलालाच्या तोंडचा नव्हे. दोन्ही खर्च मिळून गाडीच्या किमतीच्या वर जात असतील आणि गाडीवाचून अडत नसेल, तर भंगाराचा सल्ला खरोखर बरोबर आहे.

तीन पावसाळ्यांनंतर

२०२३ साली आमची गाडी तपासणीत पास झाली. त्यानंतर तीन पावसाळे गेले. मागच्या डाव्या कमानीजवळ एक फुगवटा पुन्हा आला होता. तो हरभऱ्याएवढा असतानाच खरवडून, प्रायमर लावून, उरलेला रंग ब्रशाने भरला. बाकी पत्रा शाबूत आहे. जवळून पाहिले तर टप आणि दार यांच्या पांढऱ्यात किंचित फरक दिसतो. आईला तो दिसत नाही आणि दवाखान्याच्या दारात कुणी तो पाहत नाही.

आमच्या मुलांनी चार रविवार हात पांढरे करून घेतले, त्याचाही लाभ झाला. धाकट्याला या कामाची गोडी लागली. काही आय.टी.आय. संस्थांत मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती आणि पेंटिंग यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतर ज्यांची मुले हातांनी हुशार आहेत त्यांनी जवळच्या संस्थेत जरूर चौकशी करावी. हा धंदा शिकून, साधने आणि मुखवटा वापरून करणाऱ्याला कामाची ददात नाही.

शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते. आपल्या बऱ्याच खर्चांचे असेच असते. लग्नाचा मांडव, घराचा दर्शनी भाग, मुलाचा पहिला मोबाईल, सगळीकडे आपण आधी चकाकी मागतो आणि आतला गंज तसाच राहतो. आधी खरवडावे, भोके मोकळी करावीत, पाया भरावा; मग पैसे उरले तर रंग. आमच्या मिस्त्रीच्या हिशेबाने दहा दिवस तयारीचे, एक दिवस रंगाचा. घरसंसाराचाही हिशेब याहून फारसा वेगळा नसावा.

जयभीम!